मोबाईल, मूल आणि मध्यम मार्ग



वस्त्यांमध्ये आरोग्य-बैठका घ्यायला आम्ही जातो तेव्हा आयाबाया अंगावरून जाणे, रक्त कमी असणे, मुलाचे वजन न वाढणे याबद्दल विचारतात. अलीकडे मात्र बैठक संपता संपता आणखी एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगं मोबाईल सोडतच नाही. काढून घेतला तर डोकं आपटतं. काय करू?" विचारणाऱ्या आईच्या आवाजात काळजी असते आणि थोडा अपराधीपणाही असतो. कारण पहिल्यांदा मोबाईल तिनेच दिलेला असतो. स्वयंपाक उरकायचा होता, धुण्याभांड्यांच्या कामाला जायचे होते, मूल रडत होते आणि सांभाळायला कोणी नव्हते.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. आईला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. मोबाईलने मुलाच्या शरीर-मनात काय होते, कोणत्या वयात किती चालेल, घरात नियम कसा लावायचा आणि समाज म्हणून आपण काय करायचे, एवढे नीट समजून घेऊ.

आधी आमची चूक

सुरुवातीच्या बैठकांत आम्ही सरळ सांगायचो, "मोबाईल काढून घ्या. बारावी होईपर्यंत हातात द्यायचाच नाही." लोकांना पटायचे, टाळ्या पडायच्या. आम्हालाही वाटायचे, काम झाले.

एका वस्तीत काही महिन्यांनी पुन्हा गेलो. मोबाईल खरोखर काढून घेतले होते, पण फक्त मुलींचे. मुलगे कट्ट्यावर मान खाली घालून खेळत बसले होते. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचा फोन तिच्या भावाला दिला होता आणि भाऊ कामासाठी परगावी गेला होता. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा होता. ओटीपी त्याच नंबरवर येणार. भाऊ कामावर असताना फोन उचलत नव्हता. तारीख निघून गेली. त्या वर्षीच्या फीसाठी आईने कर्ज काढले.

ती मुलगी बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगू लागली. फोन जाण्याआधी महिनाभर कोणीतरी अनोळखी माणूस तिला घाणेरडे मेसेज पाठवत होता. तिने घरी सांगितले नाही. सगळे मेसेज पुसून टाकले आणि एकटीच घाबरून राहिली. का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सांगितलं असतं तर फोन गेला असता. कॉलेजही बंद झालं असतं." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि ताई, काढून घ्या असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही सांगितलेला उपाय सोपा होता, पण त्याचा भार सगळ्यात कमी ताकदीच्या माणसावर पडला. तेव्हापासून आम्ही बैठकांत बोलण्याची पद्धत बदलली. आज या लेखात जे सांगणार आहोत ते त्या मुलीने आम्हाला शिकवले आहे. लहान मुलांच्या हातात मोबाईल नको, हे खरेच आहे. पण वाढत्या मुलामुलींसाठी बंदी हा उपाय नाही. त्यांना नियम हवा, तो घरातल्या सर्वांना सारखा हवा आणि मोबाईल ठेवल्यावर करायला दुसरे काहीतरी हवे.

मोबाईल सुटत का नाही?

गोष्ट संपते, भाकरी संपते, लगोरीचा खेळ अंधार पडला की थांबतो. रील मात्र संपत नाही. बोट सरकवले की नवी येते. पुढची मजेची असेल की कंटाळवाणी, हे आधी कळत नाही, म्हणूनच बोट पुन्हा सरकते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्या माणसाचे जसे होते तसेच हे. मेंदूला 'आता काहीतरी मिळेल' याची चटक लागते. हे अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांची कमाई आपण किती वेळ बघतो यावर चालते. त्यामुळे आपण थांबू नये अशीच त्याची रचना असते.

स्वतःला थांबवण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाचे. हा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटावी लागते. आपण मोठी माणसे रात्री बारापर्यंत रील बघत बसतो, तर सहा वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबावे ही अपेक्षा चुकीची आहे. मूल हट्टी आहे, बिघडले आहे असे म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे.

शरीरावर काय परिणाम होतात?

बोलणे: मूल भाषा शिकते ती देवाणघेवाणीतून. ते 'बा' म्हणते, आपण 'बाबा आले' म्हणतो, ते हसते, पुन्हा काही म्हणते. मोबाईलमधले गाणे मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. दिवसाचे तीन-चार तास व्हिडिओत गेले की तेवढ्या गप्पा कमी होतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघते, हवे ते बोटाने दाखवू लागते. दीड वर्षाचे झाले की 'आई', 'पाणी', 'दे' असे काही शब्द येतात. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते, 'दूध दे', 'बाबा गेला' असे. हे होत नसेल तर वाट बघत बसू नये. इंग्रजी गाण्यातले शब्द पाठ म्हणणे म्हणजे बोलणे नव्हे. स्वतःची गरज सांगणे म्हणजे बोलणे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बोलायला उशीर होण्याची कारणे अनेक असतात. ऐकू कमी येणे हे त्यातले महत्त्वाचे कारण आहे, म्हणून आधी कान तपासावेत. 'मोबाईलमुळेच पोर स्वमग्न झालं' असे म्हणून शेजारीपाजारी आईला छळतात, ते चूक आहे. मोबाईल बंद करावा आणि तपासणीही करावी. एकासाठी दुसरे थांबवू नये.

डोळे: स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. सतत जवळचे बघणे आणि बाहेर उजेडात न खेळणे यामुळे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, म्हणजे उणे नंबर, लागण्याची शक्यता वाढते. रोज दोनेक तास दिवसाच्या उजेडात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना हा दोष लागण्याचे प्रमाण कमी आढळते. मूल डोळे बारीक करून बघत असेल, फळ्यावरचे वहीत चुकीचे उतरवत असेल किंवा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल तर नंबर तपासून घ्यावा. सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. शाळेत किंवा ग्रामीण, उपजिल्हा रुग्णालयात विचारावे.

झोप: अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि झोप येते. डोळ्यासमोरच्या पडद्याचा उजेड त्याला अडवतो. त्यात भांडणाचे, भीतीचे, खेळाचे व्हिडिओ मन जागे ठेवतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास, सहा ते बाराच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलामुलींना ८ ते १० तास झोप लागते. ही झोप मिळाली नाही की मूल चिडचिडे होते, वर्गात डुलकी घेते, पाठ केलेले विसरते. 'अभ्यासात लक्ष नाही' या तक्रारीच्या मुळाशी कित्येकदा अपुरी झोपच असते.

जेवण: व्हिडिओ दाखवून घास भरवला की मूल पटकन खाते, हे खरे. पण पोट भरले की नाही, हे त्याला कळत नाही. चावणे, चव घेणे, स्वतःच्या हाताने खाणे मागे पडते. काही मुले जास्त खातात, काही मुले मोबाईल नसेल तर तोंडच उघडत नाहीत. एका वेळी दोन घास कमी गेले तरी चालतील, पण जेवताना पडदा नको.

कोणत्या वयात किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आणि भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा सार असा:

दोन वर्षांपर्यंत: स्क्रीन अजिबात नको. परगावी असलेल्या बाबांशी किंवा आजीशी व्हिडिओ कॉलवर थोडे बोलणे चालेल.

दोन ते पाच वर्षे: दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही एका दमात नको. कमी तितके चांगले. मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. 'हे काय आहे? म्हैस कशी ओरडते?' असे बोलत बोलत बघावे.

पाच ते दहा वर्षे: दिवसाला दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्हीही धरावा. शाळेच्या अभ्यासासाठी लागणारा वेळ आधी द्यावा, मग गमतीचा.

दहाच्या पुढे: इथे घड्याळापेक्षा चार प्रश्न विचारावेत. झोप पुरी होते का? रोज तासभर तरी अंग हलते का? अभ्यास आणि घरातले काम होते का? घरच्यांशी, मित्रमैत्रिणींशी समोरासमोर बोलणे होते का? या चारांपैकी एकाला जरी मोबाईल खात असेल तर वेळ कमी करायला हवा.

कोणत्याही वयात पाळायच्या तीन सोप्या गोष्टी. एक, मोबाईल डोळ्यांपासून निदान हातभर लांब धरावा आणि झोपून बघू नये. दोन, दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघावे. वीस फूट म्हणजे साधारण समोरच्या घराचे दार. तीन, झोपण्याआधी एक तास मोबाईल बंद.

नियम मोठ्यांपासून

बाबासाहेबांच्या चरित्रात परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीची हकीकत आपण सर्वांनी वाचली आहे. सगळा संसार त्या एका खोलीत. भीमाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजी सुभेदार त्याला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून स्वतः आडवे होत. आपण ही हकीकत बाबासाहेबांच्या कष्टांची म्हणून सांगतो. त्यात वडिलांनी काय केले तेही पाहावे. त्यांनी मुलाला नुसते 'अभ्यास कर' म्हटले नाही. स्वतःची झोप बदलली. घराची वेळ मुलाच्या वाढीभोवती बांधली.

आजही आपल्यापैकी कित्येकांचे घर एका खोलीचेच आहे. त्या खोलीत वडील मोठ्या आवाजात बातम्या लावून बसले, काका सामना बघत असले, आई मालिका बघत असली, तर मुलाला 'तू मोबाईल ठेव' म्हणण्याला अर्थ उरत नाही. मूल ऐकून शिकते त्यापेक्षा बघून जास्त शिकते. म्हणून पहिला मोबाईल ठेवायचा तो घरातल्या मोठ्याने.

आम्ही सुचवतो ती रीत अशी. घरात दाराजवळ एक टोपली ठेवा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ साडेसात ते नऊ, घरातले सगळे मोबाईल त्यात. वडिलांचा, आजोबांचा, दादाचा, सगळ्यांचा. तातडीचा फोन आला तर उठून घ्यायचा, बोलून पुन्हा टोपलीत. या दीड तासात अभ्यास, जेवण आणि गप्पा. रात्री मोबाईल उशाशी नाही, त्याच टोपलीजवळ चार्जिंगला. गजर लावायचा तर साधे गजराचे घड्याळ आणा.

लहान मुलाचा मोबाईल सोडवताना हिसकावून घेऊ नये. 'हे गाणं संपलं की बंद' असे आधी सांगावे आणि गाणे संपल्यावर बंद करावेच. आज रडले म्हणून दिला, उद्या मारून काढून घेतला, असे झाले की मुलाला एवढेच कळते की जोरात रडले की मिळतो. पहिले काही दिवस मूल आदळआपट करील. त्या वेळी शांत राहणे सगळ्यात अवघड असते, पण तेच औषध आहे. मारू नये. हातात दुसरे काही द्यावे. परातीत थोडी डाळ आणि वाटी-चमचा, कणकेचा गोळा, जुनी वर्तमानपत्रे, रिकामे डबे. भाजी निवडताना शेंगा सोलायला बसवावे. काम थोडे लांबेल, पण मूल त्या वेळात बोलते.

मोबाईलमध्येही दोन-तीन गोष्टी करून ठेवाव्यात. यूट्यूबवर एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद करता येतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असते. त्यात कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसते आणि वेळेची मर्यादाही घालता येते. लहान मुलांसाठी 'फॅमिली लिंक' वापरता येते. नोटिफिकेशनचा आवाज बंद ठेवावा. सेटिंग जमत नसेल तर वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलीला विचारावे. पण ही साधने मदतनीस आहेत. आईवडिलांनी शेजारी बसण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

राहुलचा आरसा

वाढत्या मुलाशी कसे बोलावे, याचा सुंदर दाखला आपल्या धम्मसाहित्यात आहे. मज्झिम निकायातील राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध राहुलला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. मग तथागत त्याला समजावतात की आरशात पाहावे तशी आपली कृती करण्यापूर्वी, करत असताना आणि केल्यानंतर तपासून पाहावी. तिच्याने आपल्याला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का, हे स्वतः पाहावे. ते राहुलला मारत नाहीत, भीतीही घालत नाहीत. त्याला विचार करायला शिकवतात.

हे तीन प्रश्न मोबाईलसाठी जसेच्या तसे चालतात. हातात घेण्यापूर्वी: मी कशासाठी घेतोय? बघत असताना: ज्यासाठी घेतला तेच करतोय का, की भलतीकडेच गेलो? ठेवल्यावर: आता बरे वाटते की डोके जड झाले? कोणाला दुखावणारे काही लिहिले का? दहा-बारा वर्षांच्या मुलाला रोज रात्री जेवताना हे सहज विचारता येते. आधी आपण स्वतःचे उत्तर सांगावे. "मी आज बसचं वेळापत्रक बघायला फोन घेतला आणि अर्धा तास साड्याच बघत बसले." आई असे बोलली की मूलही खरे बोलते. 'मुसावादा वेरमणी' म्हणजे खोटे बोलण्यापासून दूर राहणे आपण वंदनेत म्हणतो. घरात खरे बोलल्याबद्दल शिक्षा होणार नसेल, तरच मूल ते पाळू शकते.

मुलाला एक, मुलीला एक असे नको

मुलीचा मोबाईल काढून घेणारे घर मुलाला विचारत नाही की तू रात्री काय बघतोस. हा भेद आपल्याला शोभत नाही. नियम वयाप्रमाणे असावा, मुलगा-मुलगी यावर नको. मुलीला मैदानात खेळायला पाठवत नाही, अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊ देत नाही आणि वर मोबाईलही नाही, तर तिने करायचे काय? शिष्यवृत्ती, प्रवेश, निकाल, नोकरीची जाहिरात, सगळे आता मोबाईलवर येते. आपल्या मुलींच्या हातून हे साधन जाणे म्हणजे त्यांच्या शिक्षणाची वाट अडणे. अर्ज भरायचा नंबर मुलीच्या किंवा आईच्या हाताशी असलेल्या फोनचाच द्यावा, एवढी काळजी तरी घ्यावी.

संकट आले तर

मुलांना आधीच एक वाक्य सांगून ठेवा: "मोबाईलवर काहीही वाईट झालं तर मला सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही." हे वाक्य पाळायचेही आहे.

अनोळखी माणसाला फोटो, शाळेचे नाव, पत्ता, ओटीपी द्यायचा नाही. कोणी फोटोवरून धमकावले तर पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत. स्क्रीनशॉट काढून ठेवायचे आणि मोठ्यांना सांगायचे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा मोबाईलवरून होणाऱ्या छळालाही लागू होतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आहे. मुलगा असा खेळ खेळत असेल तर वडिलांच्या खात्यावर लक्ष ठेवा आणि त्याच्याशी बोला.

आपल्या मुलांना आणखी एक त्रास होतो, त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. वर्गाच्या ग्रुपवर जातीवरून टोमणे येतात, आरक्षणावरून हिणवणारे विनोद येतात, बाबासाहेबांबद्दल घाणेरडे लिहिलेले पुढे येते. लहान मूल गप्प होते, शाळेत जायला नको म्हणते. तरुण मुलगा संतापून शिव्या लिहितो, ते चित्र पुढे पाठवतो आणि कित्येकदा तोच अडचणीत येतो. मुलांना शिकवा: पुढे पाठवू नको, उत्तरात शिवी देऊ नको, स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ लिहून ठेव, कार्यकर्त्याला आणि वकिलाला दाखव. लढायचेच आहे, पण बाबासाहेबांनी दिलेल्या कायद्याच्या मार्गाने. आणि त्या रात्री मुलाला एकटे सोडू नका. हा त्याच्या मनावरचा घाव आहे.

विहार उघडा ठेवू या

२०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या दोन गावांच्या बातम्या आल्या. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे ठरले. त्या वेळात मुलांनी अभ्यास-वाचन करायचे. आम्हाला दुसरी वाट जवळची वाटते, कारण तिच्यात नियम मोठ्यांनाही आहे.

आपल्याकडे तर प्रत्येक वस्तीत विहार आहे. पण बरीच विहारे वंदना झाली की कुलूपबंद होतात. चौदा एप्रिलला रोषणाई होते, मग पुन्हा कुलूप. ज्या मुलाला घरी बसायला कोपरा नाही, त्याला आपण मोबाईल ठेव म्हणतो आणि विहाराचे दार बंद ठेवतो. बाबासाहेबांनी राजगृह बांधताना पुस्तकांसाठी जागा केली. आपण विहारात रोज संध्याकाळी दोन तास जागा करू शकतो. एक सतरंजी, दोन ट्यूबलाइट, पिण्याचे पाणी, पन्नास-शंभर पुस्तके, दोन कॅरम आणि पाळीपाळीने बसणाऱ्या दोन मोठ्या व्यक्ती. निवृत्त झालेले काका, बी.एड. करणारी ताई, आजीसुद्धा चालेल. मुलींना घरापर्यंत सोडायची जबाबदारी आधीच वाटून घ्यावी. जिथे आई-वडील दोघेही उशिरा येतात, त्या घरांसाठी हा सर्वांत मोठा आधार होईल.

सुरुवातीसाठी वर्षावास चांगला. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. त्या वेळी दाराशी एक टोपली ठेवा. वाचनाला येणाऱ्या प्रत्येकाने मोबाईल त्यात ठेवायचा. मुले मागे बसून बघत असतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मूल हाकेला वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर अंगणवाडी ताईंना लगेच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पुढचे उपचार जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात, तिथे ही सेवा मोफत आहे. मोठे मूल रात्र रात्र जागत असेल, शाळा टाळत असेल, मोबाईल नसला की स्वतःला इजा करत असेल, एकाएकी गप्प झाले असेल किंवा 'मला जगायचं नाही' असे म्हणत असेल तर ते नाटक समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. अंगारा, गंडा, उतारा यात वेळ घालवू नका, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

शेवटी त्या अकरावीच्या मुलीबद्दल. पुढच्या वर्षी तिचा अर्ज वेळेत भरला गेला. आता ती संध्याकाळी विहारात लहान मुलांना गणित शिकवते आणि वस्तीतल्या ज्या आयांना जमत नाही त्यांचे अर्ज तिच्याच मोबाईलवरून भरून देते. साडेसात वाजले की आपला फोन तीही टोपलीत टाकते आणि मोठ्यांच्या फोनसाठी टोपली पुढे करते. परवा आमचा फोन पर्समध्येच राहिला होता. तिने काही न बोलता टोपली आमच्यापुढे धरली.

जय भीम! नमो बुद्धाय!